हिरव्या टिकल्यांचा फळा

रविवार, दिवाळीनंतरचा दुसरा. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. चिखली, आमच्या कबड्डी क्लबचं मैदान.

हजर: किशोरी गटाच्या मुली बारा. प्रशिक्षक सर. टेम्पो ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर. कॅप्टनची आई, बोलावलेलं नसताना. आणि मी, संघाची व्यवस्थापक. गैरहजर: कोणी नाही.

सामान: जर्सी बारा. जन्मदाखल्यांची फाइल. पाण्याचा जार एक. केळी दोन डझन. प्रथमोपचाराची पेटी, तीत कापूस, बँडेज, स्प्रे, कात्री. वजनकाटा.

ही नोंद माझ्या वहीत अजून आहे आणि तिच्यात एकही चूक नाही. चूक तिच्या आधीच्या चार महिन्यांत आहे. तीही मी वारानुसार लिहून ठेवलेली आहे.

जिल्ह्याच्या निवड स्पर्धेला सात वाजता निघायचं होतं. त्याआधी मी मुलींची वजनं घेतली. किशोरी गटाला पंचावन्न किलोची मर्यादा असते. तिच्या वर गेलेली मुलगी मैदानात उतरत नाही, मग ती कितीही चांगली खेळत असो. अकरा जणींची वजनं ठीक होती. चार नंबर काट्यावर उभी राहिली आणि आकडा पंचावन्न किलो आठशे ग्रॅमवर थांबला. तिला उतरवलं, काटा दुसऱ्या फरशीवर ठेवला, पुन्हा उभं केलं. पंचावन्न आठशे.

मुलींना मी वहीत जर्सीच्या नंबराने लिहिते, म्हणून इथेही तेच करते. चार नंबर आमचा डावा कोपरा सांभाळायची. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा तिच्या हातात गेला की पुन्हा सुटत नसे. तिचे वडील चिखलीतल्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे, मागच्या एका खोलीत पाच माणसं राहायची. मूळचे लातूरकडचे. जूनमध्ये ते मैदानावर येऊन मला स्वच्छ सांगून गेले होते, "मॅडम, दिवाळीनंतर त्या स्पर्धेतून खेळाच्या वसतिगृहाला पोरी निवडतात म्हणं. हिचा नंबर लागला तर शिकू द्या, खेळू द्या. नाय लागला तर गावाकडं धाडणार. भावाच्या घरी बाईमाणूस आजारी हाय, स्वयंपाकाला कोणी नाय." म्हणजे त्या रविवारच्या सामन्यांवर तिचं सगळं होतं, आणि ते मला जूनपासून माहीत होतं.

मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. आमच्याकडे भिंतीवर मोठा फळा आहे. प्रत्येक लाइनसमोर रोज ठिपका लागतो, काम नीट झालं तर हिरवा, नाही तर लाल. माणसाला चांगलं वागायला सांगून काही होत नाही, फळ्यावर ठिपका लागायला लागला की आपोआप होतं, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. तोच मी मैदानावर आणला.

निमित्त जूनमधल्या एका सराव सामन्याचं. आमच्या नऊ नंबरचा गुडघा सोलवटला होता आणि कॅप्टनच्या बॅगेत नी-पॅडची एक जोडी पडून होती. तिने दिली नाही. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, माझी घाण होईल." कॅप्टन गावातल्या जुन्या घरातली. जमिनी होत्या, आता त्यांवर सोसायट्या आहेत, वडिलांचा बांधकामाच्या सामानाचा धंदा आहे. तिला कमी काहीच नव्हतं. मी त्याच दिवशी ठरवलं की या मुलींना खेळाबरोबर देणंही शिकवायचं. पदकं कपाटात राहतात, हात सैल सोडायची सवय जन्मभर पुरते, असं मी पालकांच्या बैठकीत बोललेही. टाळ्या पडल्या.

पिंपरीच्या बाजारातून मी पांढरा फळा आणला आणि बायका कपाळाला लावतात त्या टिकल्यांची पाकिटं आणली. हिरवी दहा, लाल दोन. ठिपक्यांच्या स्टिकरपेक्षा स्वस्त आणि चांगल्या चिकटतात. नियम लिहून लावले. कोणी दुसरीला वस्तू, खाऊ किंवा मदत दिली की हिरवी टिकली. सर्वांत जास्त टिकल्या असलेल्या मुलीला हंगामाच्या शेवटी 'दिलदार खेळाडू' ही ढाल.

पहिले दोन आठवडे छान गेले. नी-पॅड फिरली, पाण्याच्या बाटल्या फिरल्या, एकीने दुसरीला चढाईतला हात शिकवला. मग मुलींच्या लक्षात आलं की सगळ्यात सोपा खाऊ. आईला सांगितलं की डबा तयार होतो. आणि डबा द्यायचा तर घेणारी लागते. फाटक्या बुटांची आणि रिकाम्या पिशवीची मुलगी संघात एकच होती. तिला निवडा असं कोणी कोणाला सांगितलं नाही, सांगायची गरज पडली नाही.

तिने सुरुवातीला दोनदा नको म्हटलं. एकदा पराठ्याला आणि एकदा कोणाच्या तरी जुन्या ट्रॅकपँटला. ट्रॅकपँट देणारी मुलगी माझ्यासमोर रडली. मॅडम, मी मनापासून दिली होती. मला ते पटलं. देणाऱ्याचा हात मागे फिरवणं हाही उद्धटपणाच, म्हणून मी पाचवा नियम लिहिला. दिलेलं नाकारलं तर लाल टिकली. तीन लाल झाल्या की एक सामना बाहेर. चार नंबरसमोर आधीच्या दोन लाल टिकल्या त्याच संध्याकाळी लावल्या.

"म्हणजे अजून एक झाली की मी बाहेर?" तिने विचारलं.

"नको म्हणूच नकोस. प्रश्नच मिटला," मी म्हटलं.

सहावा नियमही माझाच. मुली खोटं सांगून टिकल्या मागायला लागल्या होत्या. आमच्या स्टोअरमध्ये माल पोहोचल्याची सही घेतल्याशिवाय नोंद होत नाही. तसं इथे केलं. खाऊ असेल तर घेणारीने तो देणारीसमोर खाल्ला पाहिजे.

त्यानंतर रोज संध्याकाळी साडेसहाला, सराव सुटल्यावर, चार नंबर पायरीवर बसायची आणि तिच्यासमोर दोन-तीन मुली उभ्या राहायच्या. मी वही घेऊन बाजूला. सोमवार: शिरा, साजूक तुपातला. उकडलेली अंडी दोन. मंगळवार: आलू पराठे तीन, वर लोणी. बुधवार: वाढदिवसाचा केक, मोठा तुकडा. शेंगदाण्याची चिक्की. पोट भरलंय असं ती म्हणायची तेव्हा कॅप्टन म्हणायची, "नको म्हणतीये का? मॅडम, लाल." मग ती खायची. मुलींना त्यात मजा येऊ लागली होती, ते मला दिसत होतं. एकीने तिला पाठीमागे 'गॅस सिलिंडर' नाव ठेवलं होतं. ते मी ऐकलं आणि त्या मुलीला मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या. शिस्त म्हणून तेवढं पुरे वाटलं.

आणखी एक गोष्ट होती, तिचा विचार मी नियमांत केला नव्हता. रिकामा डबा परत करायचा नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. चार नंबर खाल्लेला डबा घासून आणते म्हणून घरी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी तिची आई तो भरून पाठवायची. जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, कधी दोन धपाटे. पाच माणसांच्या स्वयंपाकातून रोज दोन-तीन डबे भरून निघत होते. नऊ नंबरने एकदा विचारलं, "मॅडम, ही पण देती की. हिला टिकली नाय?"

मी विचार करून सांगितलं की परतफेड म्हणजे देणं नव्हे. आधी घेतलेलं नसताना दिलं तरच ते धरायचं. चार नंबरकडून आधी कोणी काही घेणार नाही हे उघड होतं, म्हणजे तिची ओळ रिकामीच राहणार होती. दोन लाल, हिरवी एकही नाही. त्याच आठवड्यात कॅप्टनने सांगितलं की ती चटणी तिने घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना देऊन टाकली. "आमच्यात कोणी असलं खात न्हाई." मी तिला टिकली दिली. घेतलेलं नसताना दिलं होतं, नियमात बसत होतं. चार नंबर तेव्हा तिथेच बुटाची नाडी बांधत होती. ती नाडी तिने सोडून पुन्हा बांधली.

सरांनी एकदा टोकलं होतं. सर या गावचेच, तरुणपणी तालमीत वाढलेले, कमी बोलतात. "मॅडम, कोपरा जड व्हायला लागलाय."

"म्हणजे पाय हलत नाहीत?"

"पाय हलत्यात. पोरगी जड व्हायला लागलीये. जेवणाचा कारेक्रम जरा आवरा."

वहीत मी लिहिलं: 'चार नंबर, पायांची चपळाई कमी, दोरीउड्या वाढवणे.' दर पंधरा दिवसांनी वजनं घ्यायची असं माझ्याच कामांच्या यादीत होतं. ऑगस्टअखेर तिचं वजन त्रेपन्न किलो होतं. सप्टेंबरपासून त्या ओळीपुढे 'पुढच्या वेळी' असं लिहिलेलं आहे, कारण सरावानंतरचा वेळ टिकल्यांच्या नोंदीत जायचा. मग दिवाळी आली. अकरा घरांतून फराळाचे अकरा डबे तिच्या खोलीवर गेले. सुट्टी असल्याने सहावा नियम त्या आठवड्यापुरता मी शिथिल केला आणि फोटोवर भागवलं. लाडू हातात धरलेले तिचे अकरा फोटो माझ्या फोनमध्ये आले. एकात ती हसतेय.

तर त्या रविवारी. नऊ वाजता चाकणच्या अलीकडच्या एका शाळेच्या मैदानावर अधिकृत वजन होतं, साडेनऊला दुसरी आणि शेवटची संधी. आठशे ग्रॅम उतरवायला आमच्याकडे पावणेतीन तास होते. सर म्हणाले, "घाम काढायचा. पाणी बंद." कॅप्टनच्या आईने गाडीतून लोकरीचं जाकीट काढून दिलं. ते तिच्या अंगात घालून, वरून कोणाचा तरी रेनकोट चढवून सरांनी तिला मैदानाभोवती पळवलं. बाकीच्या मुली केळी खात बसल्या.

"अगं पळ, गॅस सिलिंडर. आमच्या घरचं तूप बाहेर काढ."

"माझा शिरा इकडं पडला बघ, त्या झाडापाशी."

कॅप्टनच्या आईने माझ्याकडे बघून म्हटलं, "बघा मॅडम, आपल्या पोरी जीव टाकून देतात आणि ह्यांना अक्कल नसते कुठं थांबायचं ते. आता आमच्या पोरीच्या संघाला कोपरा न्हाई."

मी म्हणू शकले असते की थांबायला मीच मनाई केली होती. नियम पाच आणि सहा फळ्यावर होते, फळा दहा पावलांवर होता. मी घड्याळ बघितलं आणि गाडीत बसा म्हटलं. वाटेत तिला खिडकीपाशी बसवलं, रेनकोटसकट, आणि हातात रिकामी बाटली दिली, थुंकायला. तळवड्याच्या पुढे शिफ्ट सुटलेल्या बसेसमध्ये आम्ही अडकलो. ती थुंकत होती. थोड्या वेळाने थुंकीही येईना.

नऊ वाजता पंचावन्न किलो तीनशे.

काट्यावरचे गृहस्थ म्हणाले, "अर्धा तास आहे. बघा काय होतंय का."

ती पुन्हा पळाली. आता पाय ओढत होती. सव्वानऊला पायरीवर बसली आणि उठेना. तेव्हा कॅप्टन म्हणाली, "मॅडम, हिची वेणी बघा केवढीये. भिजलीये पण. कापली तर?"

कोणी हसलं नाही, कारण कल्पना उपयोगी होती. चार नंबरची वेणी कमरेपर्यंत होती. मी सरांकडे बघितलं. सर दुसरीकडे बघत होते. मी पेटी उघडली. यादीत कात्री होती, त्यामुळे ती सापडायला वेळ लागला नाही.

चार नंबरने आमच्याकडे पाठ केली. "आईला तुम्ही सांगा," एवढंच म्हणाली.

बँडेज कापायची कात्री केसांना चालत नाही. एका झटक्यात होईल असं वाटलं होतं, पण करवतीसारखं चालवावं लागलं. मानेपाशी दोनदा टोक लागलं. ती हलली नाही. वेणी हातात आली तेव्हा वाटलं त्यापेक्षा हलकी होती.

साडेनऊला पंचावन्न किलो शंभर.

"पंचावन्न म्हणजे पंचावन्न," ते गृहस्थ म्हणाले आणि पुढच्या संघाची फाइल ओढली. त्यांचं काही चुकलं नाही. मीही तेच केलं असतं.

"जाऊ दे," कॅप्टन म्हणाली, "डोकं तरी हलकं झालं." या वेळी सगळ्या हसल्या. मी हसले नाही. गप्पही कोणाला केलं नाही. आमचा सामना दहाला होता आणि मला संघाचा कागद बदलून द्यायचा होता.

दिवसभर ती बाकड्यावर बसली, बारा जणींच्या चपला आणि बॅगा सांभाळत. आम्ही एक सामना जिंकलो, एक हरलो. हरलो तो डाव्या कोपऱ्यातूनच. निवडीत कॅप्टनचं नाव आलं, जिल्हा संघातही आणि वसतिगृहाच्या यादीतही. वसतिगृहाची जागा तिच्या घरच्यांनी नको म्हटली, मुलीला बाहेर ठेवायची गरज नाही म्हणाले. नको म्हणण्याबद्दल तिला कोणी लाल टिकली दिली नाही.

दुसऱ्या सामन्याच्या मध्यंतरात चार नंबरने जारमधून पाणी काढून सगळ्यांना पेले दिले होते. तिला कोणी सांगितलं नव्हतं. कॅप्टन पेला रिकामा करून म्हणाली, "मॅडम, हिने पाणी दिलं. आधी घेतलेलं नसताना. द्या टिकली." आणि मी दिली. पाकीट माझ्या पर्समध्ये असायचंच. वहीत तिच्या नंबरापुढे एक हिरवी टिकली चिकटवली, वार लिहिला, सही केली. ती माझ्या हाताकडे बघत होती. तोवर तिला पाणी प्यायला सांगायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या खोलीवर गेले. आईला सांगायचं कबूल केलं होतं. वर्कशॉपच्या मागे लोखंडाच्या चुऱ्यावरून वाट आहे. तिची आई भाकऱ्या करत होती. मुलगी आत नव्हती, की होती आणि पुढे आली नाही, ते मला कळलं नाही. वेणी एका पिशवीत खिळ्याला टांगलेली होती.

मी क्रमाने सांगितलं. वजन, वेळ, नियम, कात्री.

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "मलाच कळायला पायजे होतं. लेकरू घरी जेवना म्हणून मी रागवायची. म्हणायची, आई, मैदानावर खाल्लं, नको. मला वाटायचं लोकाचं ग्वाड लागायलंय हिला." मग म्हणाल्या, "एकदा म्हणली होती, आई, तिथं नको म्हणलं तर खेळू देत नाहीत. मी म्हणलं, असं कुठं असतंय का."



"तुमी सगळ्यांनी लई केलं," त्या म्हणाल्या. टोमणा होता का, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. नव्हता. असता तर बरं झालं असतं. निघताना त्यांनी फळीवरून स्टीलचा एक डबा काढला, पुसला आणि माझ्या हातात दिला. "चटणी हाय. हिच्यासंगट वसतिगृहात द्यायला केल्ती. आता गावाकडं काय, तिथं जवस घरचंच असतंय."

आठवड्याच्या आत वडील तिला गावाला सोडून आले. जानेवारीत क्लबच्या कार्यक्रमात 'दिलदार खेळाडू' ढाल कॅप्टनला मिळाली, एक्केचाळीस टिकल्या. शेजारच्या क्लबच्या एका बाईंनी फळ्याचा फोटो मागितला, आम्हालाही चालू करायचंय म्हणाल्या. मी पाठवला नाही. का नाही, हेही सांगितलं नाही. सरांनी फळा पुसून त्यावर वजनांचा तक्ता आखला, तो आता दर पंधरा दिवसांनी भरला जातो. मुली एकमेकींना काय देतात, देतात की नाही, याची नोंद मी ठेवत नाही. नऊ नंबर आता डाव्या कोपऱ्यात खेळते. तिच्या गुडघ्याला कॅप्टनची नी-पॅड असते. कधी दिली, मला माहीत नाही.

चटणी आम्ही दहा-बारा दिवसांत संपवली. चांगली होती. डबा घासून ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवला आहे. झाकणावर तिच्या आईचं नाव कोरलेलं आहे, लग्नातला असावा. वर्कशॉपची गल्ली माझ्या कंपनीच्या बसच्या थांब्यापासून चार मिनिटांवर आहे. खोलीत ती माणसं अजून राहतात. सकाळी कधी कधी त्या बाई नळावर दिसतात आणि मी फोन बघते.

दर महिन्याच्या पहिल्या पानावर मी मागची राहिलेली कामं उतरवून घेते. गॅसचा पाइप बदलला, मुलाचा पासपोर्ट झाला, गाडीचा विमा भरला. एक काम तेवढं पानामागून पान पुढे येतंय. डबा परत करणे. त्यात काय घालून, ते ठरवणे.